ब्रूकवूडच्या दफनभूमीत चालायला चला: इंग्लंडमधल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
इंग्लंडमधल्या सर्व मराठी मंडळांच्या कार्यकारिणी आणि सहल समित्या

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी पाडव्याच्या सुमारास आपल्याकडे उन्हाळी सहलीची चर्चा सुरू होते. समुद्रकिनारा, किल्ला, सफारी पार्क, लव्हेंडरचं शेत अशी नावं येतात आणि त्यातलं एक ठरतं. यंदा मी एका समितीला ब्रूकवूडचं नाव सुचवलं. सरे परगण्यात वोकिंगजवळ असलेली ही व्हिक्टोरिया राणीच्या काळातली दफनभूमी, ब्रिटनमधली सर्वांत मोठी. फोनवर क्षणभर कुणी बोललं नाही, मग उत्तर आलं, "स्मशानात सहल? अहो, लोक काय म्हणतील? आणि सणाच्या तोंडावर हा विषय तरी कशाला?"

उत्तर देणाऱ्या ताईंबद्दल माझ्या मनात राग नाही. गणपतीच्या दिवसांत दोनशे माणसांचा महाप्रसाद त्या अंगावर घेतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या मनात जे आलं ते आपल्यातल्या बहुतेकांच्या मनात येईल. पण त्या "नको"ला माझ्याकडे उत्तर आहे. ते फोनवर मावण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

आधी जागा कशी आहे ते सांगते. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून गाडीत बसलं की साधारण पाऊण तासात ब्रूकवूड येतं. स्टेशनच्या दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडलात की तुम्ही थेट दफनभूमीतच असता. आज ती सुमारे २२० एकरांची आहे. पायाखाली वाळूची हलकी जमीन असल्यामुळे पाऊस झाला तरी चिखल फार होत नाही. दोन्ही बाजूंना जायंट सिक्वोयाची झाडं आहेत, इथे त्यांना वेलिंगटोनिया म्हणतात. १८५४ मध्ये दफनभूमी उघडली त्या सुमारास ती लावली. त्यांच्या खोडाची साल तांबूस आणि मऊ असते, तळवा टेकवला तर काथ्याच्या पायपुसण्यावर टेकवल्यासारखी लागते. मे-जूनमध्ये रोडोडेंड्रॉन आणि अझेलिया असे फुलतात की वाट सोडून माणूस तिथेच उभा राहतो. ऑगस्टमध्ये हेदरचा जांभळा रंग चढतो. जुन्या भागात नेचे कमरेएवढे वाढतात आणि त्यांतून कुठे दगडी क्रूस, कुठे पंख मिटलेला देवदूत, कुठे नुसताच तुटका खांब डोकं वर काढतो. तुटका खांब म्हणजे अकाली गेलेला माणूस, ही त्या काळची खूण. बागांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ही जागा पहिल्या श्रेणीत आहे. मुळात ती बाग म्हणूनच आखली गेली होती.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण "स्मशानात फिरायचं कसं" या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत लंडनची वस्ती दुपटीहून जास्त वाढली. चर्चच्या आवारातल्या जुन्या दफनभूमी भरून वाहू लागल्या. जुनी हाडं उकरून नव्या पेटीला जागा करावी लागे. १८४८-४९ च्या कॉलऱ्यात एकट्या लंडनमध्ये चौदा हजारांच्या आसपास माणसं दगावली आणि शहराचा धीर सुटला. त्याआधीच १८३३ ते १८४१ या काळात शहराच्या कडेने सात मोठ्या खासगी दफनभूमी उघडल्या होत्या. केन्सल ग्रीन ही त्यांतली पहिली, आणि कार्ल मार्क्समुळे आपल्याला ठाऊक असलेली हायगेट १८३९ ची. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीप्रमाणे झाडं, वळणवाटा, बाकं, दूरवरचं दृश्य अशी त्यांची रचना होती. माणसांनी यावं, बसावं, चालावं, आपल्या माणसाजवळ थोडा वेळ घालवावा, असाच हेतू होता. मग १८५२ मध्ये पार्लमेंटने कायदा करून लंडन नेक्रोपोलिस कंपनीला परवानगी दिली. तिने शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर दोन हजार एकर माळरान घेतलं आणि त्याच्या एका भागावर ब्रूकवूड उभं राहिलं.

इतक्या लांब प्रेत न्यायचं कसं? रेल्वेने. वॉटर्लूजवळ कंपनीचं स्वतःचं स्टेशन होतं, गाडीही स्वतःची होती. अँग्लिकनांचे डबे वेगळे, बाकीच्यांचे वेगळे, दोन्हींत पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग. दर कायद्यानेच बांधून दिलेले. सोबत आलेल्या माणसाला परतीचं तिकीट पहिल्या वर्गाचं सहा शिलिंग, तिसऱ्याचं दोन शिलिंग. शवपेटीला एकमार्गी तिकीट, पहिल्या वर्गात एक पौंड आणि तिसऱ्यात अडीच शिलिंग. मेल्यावरही वर्ग सुटला नाही हे वाचून मन खट्टू होतं. पण एक गोष्ट मला या कंपनीची आवडते. लंडनच्या इतर ठिकाणी गरिबांना एका खड्ड्यात थरावर थर रचून पुरत असत, तेव्हा इथे सरकारी खर्चाने आलेल्या भणंगालाही स्वतंत्र कबर मिळे. वर दगड नसे, नाव नसे, पण जागा त्याची एकट्याची. पहिल्या काही दशकांत इथे आलेल्यांत बहुसंख्य अशीच माणसं होती. त्यामुळे झाडांखाली जी मोकळी हिरवळ दिसते ती मोकळी नाही, हे चालताना आठवावं. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात लंडनचं ते स्टेशन उद्ध्वस्त झालं आणि गाडी कायमची थांबली. दफनभूमीतून जाणारे रूळ काढून टाकले, पण रुळांची ती वाट अजून आहे आणि चालायला ती सगळ्यात चांगली. सपाट, सरळ, दोन्हीकडे झाडी. आजी-आजोबांनाही झेपेल.

आता खरं कारण.

या दफनभूमीत पारशांचा भाग आहे. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून. मुंबईत मलबार हिलवर दोखमा, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याचा पारशांचा मनोरा आहे, इंग्लंडमध्ये तो असणं शक्य नव्हतं, म्हणून इथे वारलेल्या पारशांसाठी समाजाने ब्रूकवूडमध्ये जमीन घेतली. तिथे जमशेटजी टाटा आहेत. ते १९०४ मध्ये जर्मनीत बाड नाउहाइमला वारले आणि त्यांना इथे आणलं. नागपूरची एम्प्रेस मिल ज्यांनी १८७७ मध्ये सुरू केली, ताजमहाल हॉटेल ज्यांनी बांधलं, ते जमशेटजी. त्यांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा इथे आहेत. १९१८ मध्ये ते कॉर्नवॉलला सेंट आइव्ह्ज इथे गेले. पुण्यात गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला त्यांनी पैशाचं बळ दिलं, आणि मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आपण जो टाटा संग्रह पाहतो त्यातही त्यांचा वाटा आहे.

थोरले चिरंजीव सर दोराबजी आणि त्यांच्या पत्नी मेहेरबाई हेही इथेच. पुणेकरांनी तर दोराबजींना विसरूच नये. डेक्कन जिमखान्याचे ते पहिले अध्यक्ष. १९१९ मध्ये जिमखान्याच्या स्पर्धांत त्यांनी आपली खेड्यापाड्यांतून आलेली पोरं अनवाणी धावताना पाहिली, त्यांची वेळ ऑलिंपिकच्या धावपटूंच्या जवळपास जाते हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी १९२० साली अँटवर्पला संघ पाठवण्याचा ध्यास घेतला. खर्चाला स्वतःचा खिसा रिकामा केला. त्या संघात फडेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते, कुस्तीत नवले आणि शिंदे होते. आपल्या मंडळांच्या क्रीडामहोत्सवात दरवर्षी कुठल्या ना कुठल्या खेळाडूचा फोटो लावून हार घालतात. ज्याने ही वाट पहिल्यांदा उघडली तो माणूस गाडीने पाऊण तासावर आहे आणि त्याच्यापर्यंत आपण कधी गेलेलो नाही.

मेहेरबाई १९३१ च्या जूनमध्ये वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. बालविवाहाविरुद्ध, मुलींच्या शिक्षणासाठी त्या उभं आयुष्य बोलत राहिल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला कबरीपाशी जायचं म्हणून दोराबजी जहाजाने युरोपला निघाले. वाटेतच, ३ जून १९३२ ला, जर्मनीत बाड किसिंगेनला त्यांचा अंत झाला. पत्नीजवळ ते पोचले, पण असे. मेहेरबाईंच्या गळ्यात असायचा तो जुबिली हिरा पुढे विकला गेला आणि त्याच्या पैशाचा हात परळच्या टाटा रुग्णालयाला लागला. आपल्यातल्या किती घरांनी त्या रुग्णालयाच्या बाकांवर रात्री काढल्या असतील. माझ्या घराने काढल्यात. माझी आई तिथे होती.

आणि त्याच कुटुंबाच्या जागेत शापुरजी सकलातवालांच्या अस्थी आहेत. जमशेटजींचे ते भाचे, मुंबईत जन्मलेले, लंडनच्या उत्तर बॅटर्सीमधून १९२२ मध्ये खासदार झालेले कम्युनिस्ट. मामांनी कारखाने उभारले, भाच्याने जन्मभर कामगारांची बाजू मांडली. १९३६ मध्ये ते गेले तेव्हा दहन झालं आणि अस्थी ब्रूकवूडला आल्या.

माझे बाबा तीन वर्षांपूर्वी सहा महिने माझ्याकडे होते. चिंचवडला राहतात, वय तेव्हा शहात्तर. एकतीस वर्षं पिंपरीला टाटांच्या टेल्को कारखान्यात काढली. त्यांना मी ब्रूकवूडला नेलं तेव्हा दारातच ते थांबले. "अगं, इथून गेल्यावर आंघोळ करावी लागेल." मी म्हटलं, "करू की बाबा." एवढ्यावर ते आत आले. पहिला अर्धा तास ते वाटेच्या मधोमध, हात मागे बांधून, कशालाही स्पर्श होणार नाही असे चालले. मग एका जुन्या दगडापाशी वाकले. दगडावर राखाडी-हिरवी खपली धरली होती. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी जवळून पाहिलं आणि म्हणाले, "हे तर दगडफूल. तुझी आई मसाल्यात घालायची ते." तिथून पुढे त्यांची भीड चेपली. नावं वाचायला लागले, वयं मोजायला लागले. "हा बघ, एकवीस वर्षांचा. ही बघ, पाच लेकरं पाठोपाठ."

पारशी भागापाशी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मी बोटाने दाखवलं, ती जमशेटजींची छत्री. बाबांनी बूट काढले. ओल्या गवतात मोजे भिजत होते, मी म्हटलं राहू द्या, पण त्यांनी ऐकलं नाही. कडेलाच उभे राहिले, हात जोडले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. थोड्या वेळाने ताठ झाले आणि हळूच आपला टोकन नंबर म्हणाले. पाचही आकडे, एकेक करून. पहिल्या पाळीला गेटवर हजेरी द्यावी तसे. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. सकलातवालांबद्दल सांगितलं तेव्हा ते त्याहून जास्त वेळ थांबले, कारण युनियनच्या कमिटीवर त्यांनी सहा वर्षं काम केलं होतं. परतीच्या गाडीत म्हणाले, "दोघं एकाच आवारात आहेत, हे मी तिकडे गेल्यावर सगळ्यांना सांगणार." घरी आल्यावर त्यांनी आंघोळ केली, चहा घेतला आणि पुन्हा कधी जायचं ते विचारलं. ते परत जाईपर्यंत आम्ही आणखी चार वेळा गेलो.

म्हणून "स्मशान" या शब्दापाशी अडू नका, ही विनंती. विटाळाचा, अशुभाचा विचार आपल्या अंगात मुरलेला आहे, तो मी हसण्यावारी नेत नाही. ज्यांना आंघोळ करायची आहे त्यांनी जरूर करावी. पण आपण आळंदीला जातो ती समाधीलाच. रायगड चढतो आणि शेवटी महाराजांच्या समाधीपुढे डोकं टेकवतो. शाळेच्या सहलीत वानवडीची शिंदे छत्री पाहिली, विजापूरचा गोल घुमट पाहिला, बीबी का मकबऱ्यापुढे रांगेत उभं राहून फोटो काढले. गेलेल्या माणसांपाशी जाणं आपल्याला परकं कधीच नव्हतं. झाडीत आहे आणि दगडावर इंग्रजी अक्षरं आहेत म्हणून ब्रूकवूड वेगळं ठरत नाही. आणि ज्यांना दफनाची रीत अंगावर येते त्यांना हेही सांगते, या देशातलं पहिलं शवदाहगृह वोकिंगलाच, याच कंपनीकडून घेतलेल्या जमिनीवर उभं राहिलं. १८८५ मध्ये तिथे पहिलं दहन झालं तेव्हा इंग्रज माणसाला आगीचं तेवढंच भय वाटत होतं जेवढं आपल्याला मातीचं वाटतं.

आता ज्यांना यायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कडक बोलते. ब्रूकवूड हे चालू दफनभूमीचं ठिकाण आहे. वोकिंगच्या कौन्सिलने ती २०१४ मध्ये घेतली आणि बरीच डागडुजी केली, पण आजही तिथे रोज कुणीतरी आपल्या माणसाला निरोप देत असतं. मुस्लिम भागात, इतर भागांतही ताजी माती दिसते, ताजी फुलं दिसतात. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये मी तिथे असताना एक मोठा गट आला होता. आपलेच देशबांधव, बोलण्यावरून कळलं. त्यांनी एका रुंद चबुतऱ्यावर चादर अंथरून डबे उघडले, स्पीकरवर गाणी लावली, मुलं एका देवदूताच्या खांद्यावर चढली. पन्नास पावलांवर एक बाई लहानशा, नव्या कबरीपाशी गुडघ्यांवर बसली होती. तिने एकदाच मान वळवून पाहिलं. मी त्या गटाकडे गेले आणि विनंती केली. त्यांनी गाणी बंद केली, कुणी वाईट बोललं नाही. पण त्या बाईच्या नजरेत मीही त्यांच्यातलीच होते.

तेव्हा शंभर माणसांची बस नको. पंधरा-वीस माणसं पुरेत, हव्या तर दोन फेऱ्या करू. जेवण बाहेर, वोकिंगमध्ये किंवा बेसिंगस्टोक कालव्याच्या काठी, तो स्टेशनपासून जवळच आहे. आत फक्त पाणी. स्पीकर, ड्रोन, ढोल काही नाही. अंत्यविधी चालू दिसला तर वाट बदलायची, मोबाइल खिशात. पारशी भाग पारशी समाजाचा आहे. तिथे बाहेरून पाहायचं, परवानगी नसेल तर आत पाऊल टाकायचं नाही. आणि कृपा करून उदबत्ती, निरांजन, कापूर घेऊन येऊ नका. एक तर ती त्यांची रीत नाही, आणि उन्हाळ्यात हेदरचं माळरान एका ठिणगीने पेटतं. दगडांवर हळदकुंकू नको, दगडफूल खरवडून अक्षरं वाचणं नको. तिरपं ऊन असेल तेव्हा अक्षरं आपोआप उठून दिसतात, त्यासाठी सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर यावं. जुन्या भागातले काही दगड हलतात, लहान मुलांचा हात सोडू नये.

मुलांना मात्र जरूर आणा. माझ्या मुलीला तिच्या आजोबांनी फक्त टाटांचा भाग दाखवला असं नाही. रुळांच्या वाटेवर त्यांनी तिला शवगाडीची गोष्ट सांगितली, तिच्यासाठी तिकिटांचे दर पेन्सिलीने वहीत लिहून दिले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने विचारलं, "पेटीला परतीचं तिकीट का नाही?" बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आजीलापण नव्हतं." आईबद्दल ते तिच्याशी पहिल्यांदा बोलले ते त्या वाटेवर. घरात, फोटोपुढे, त्यांना ते जमलं नव्हतं.

माझी मागणी छोटी आहे. आपल्या उन्हाळी कार्यक्रमात ब्रूकवूडची एक फेरी ठेवा. दफनभूमीची स्वतःची मित्रसंस्था आहे, ती माहितगार माणसासोबत फेऱ्या काढते, त्यांच्याशी आधी बोला. मराठीतून सांगायला कुणी हवं असेल तर मी येईन, त्याचा एक पैसाही नको. या वर्षी मेहेरबाई आणि दोराबजी या दोघांची पुण्यतिथी ज्या महिन्यात येते त्या जूनच्या दुसऱ्या रविवारी मी सकाळी दहा वाजता ब्रूकवूड स्टेशनच्या दफनभूमीकडच्या दारापाशी थांबणार आहे. मंडळाचा ठराव झाला नाही तरी ज्यांना यायचं त्यांनी यावं. पायांत बंद बूट असू द्या, नेच्यांत गोचिड्या असतात. बाबा त्या आठवड्यात इथे येतायत. या वेळी दारात थांबणार नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलंय.

आपली,
गिल्डफर्डला राहणारी, मूळची चिंचवडची एक मराठी लेक